आपल्याकडे असा बँड होता का?

प्रश्न : आम्ही पाटोद्याचे पाच मित्र. दोघं कॉलेजात, एक जण मोबाईलच्या दुकानात, दोघं शेती बघतात. हलगी, ढोलकी आणि एक जुनी गिटार घेऊन आम्ही गाणी बसवतो. मध्यंतरी रेज अगेन्स्ट द मशीन या अमेरिकन बँडचा १९९३ सालचा एका महोत्सवातला कार्यक्रम मोबाईलवर पाहिला आणि भारावून गेलो. बँड तेव्हा अगदी नवा होता म्हणे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या कार्यक्रमांमध्ये एवढं काय होतं? आपल्या मराठी मुलखात राजकारणावर असं उघड गाणारा बँड कधी होऊन गेला का? आणि जयंतीच्या किंवा जत्रेच्या स्टेजवर आम्ही अशी गाणी म्हणावीत का? गावातली वडीलधारी मंडळी म्हणतात, सणासुदीला राजकारण नको.
– एक वाचक, पाटोदा, जि. बीड

उत्तर : मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. होता. तुम्ही मोबाईलवर पाहिलेल्या बँडच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी होता, आणि त्याच्या हातात डफ, ढोलकी आणि तुणतुणं होतं. पण तुम्ही विचारलंय त्याच क्रमाने जाऊ, कारण पहिलं उत्तर नीट कळलं की दुसरं अधिक उलगडतं.

रेज अगेन्स्ट द मशीन हा बँड १९९१ मध्ये लॉस एंजेलिसला उभा राहिला. गायक झॅक डी ला रोचा, गिटारवर टॉम मोरेलो, बेसवर टिम कॉमरफोर्ड आणि ड्रमवर ब्रॅड विल्क. झॅकचे वडील मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन चित्रकारांच्या चळवळीतले. मोरेलोचे वडील केनियाचे मुत्सद्दी, आई शिक्षिका. तो स्वतः हार्वर्डमधून शिकून आलेला. बँडची पहिली तबकडी नोव्हेंबर १९९२ मध्ये निघाली. तिच्या वेष्टनावर सायगावच्या रस्त्यात स्वतःला पेटवून घेणाऱ्या थिच क्वांग डुक या बौद्ध भिक्षूचा फोटो आहे. माल्कम ब्राउन या पत्रकाराने तो ११ जून १९६३ रोजी टिपला होता. दक्षिण व्हिएतनामच्या सरकारकडून बौद्धांवर होणाऱ्या अन्यायाविरुद्धचं ते आत्मदहन होतं. कुणाच्या बाजूने गायचं हे या चौघांनी पहिल्याच तबकडीवर सांगून टाकलं.

१९९३ च्या उन्हाळ्यात ते महोत्सवांमधून फिरत होते. ३१ मे रोजी नेदरलँड्समधल्या लँडग्राफ गावी पिंकपॉप महोत्सवात ते वाजवून गेले. पुढे अमेरिकेत लोलापलूझा या गावोगाव फिरणाऱ्या महोत्सवात त्यांना मुख्य मंचावरची दुपारची पहिली वेळ मिळाली. आपल्याकडच्या मोठ्या कार्यक्रमात नवख्याला अशीच वेळ मिळते. लोक अजून आत येत असतात, मोठ्या नावांची वाट बघत असतात, आणि समोरच्यांतल्या बहुतेकांनी तुमचं नावही ऐकलेलं नसतं. नव्या बँडचे असे कार्यक्रम पुन्हा पुन्हा पाहिले जातात ते याचसाठी. पुढे प्रसिद्धी आल्यावर समोर चाहतेच असतात आणि ते शब्दाआधी टाळ्या देतात. नवखेपणी समोरची गर्दी परकी असते. तिला तिथल्या तिथे आपलंसं करावं लागतं.

त्याच दौऱ्यात १८ जुलै १९९३ रोजी फिलाडेल्फियात जे घडलं ते अजून सांगितलं जातं. १९८५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या वजनदार राजकारण्यांच्या पत्नींनी पीएमआरसी नावाची संस्था काढली होती. त्यात टिपर गोअर होत्या. त्यांचे पती अल गोअर १९९३ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाले. या संस्थेच्या दबावामुळे गाण्यांच्या तबकड्यांवर पालकांसाठी इशाऱ्याची चिठ्ठी लागू लागली. त्या दिवशी चौघेही विवस्त्र अवस्थेत, तोंडावर काळी चिकटपट्टी लावून मंचावर आले. प्रत्येकाच्या छातीवर त्या संस्थेच्या नावातलं एकेक अक्षर. सुमारे पंधरा मिनिटं ते नुसते उभे राहिले. एक ओळ गायली नाही, एक ठेका वाजवला नाही. गिटारी चालू ठेवलेल्या, त्यांचा घूं असा आवाज तेवढा येत होता. गर्दीने आधी जल्लोष केला, मग कुजबुज, मग शिव्या. पैसे देऊन आलेल्या माणसांना गाणं हवं होतं. बँडने नंतर त्याच शहरात फुकट कार्यक्रम करून ते देणं फेडलं. तोंडं बंद केली तर काय उरेल, हे त्यांनी समजावून सांगितलं नाही. थेट करून दाखवलं.

तुम्ही स्वतः वाजवता, म्हणून मोरेलोच्या गिटारीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. विजेच्या गिटारीत आवाज पकडणारी सहसा किमान दोन पिकअप असतात आणि त्यांतलं कुठलं चालू ठेवायचं ते एका खटक्यावर ठरतं. मोरेलो एका पिकअपचा आवाज शून्यावर ठेवतो, दुसऱ्याचा पूर्ण उघडतो, आणि एका हाताने तारा घासत दुसऱ्या हाताने तो खटका भराभर खालीवर करतो. त्यातून डीजे तबकडी मागेपुढे फिरवतो तसा कापत जाणारा आवाज निघतो. पहिल्या तबकडीवर त्यांनी मुद्दाम छापलं होतं की यात उसने आवाज, कीबोर्ड किंवा सिंथेसायझर वापरलेले नाहीत. तुमच्याकडे एकच जुनी गिटार आहे म्हणून हिरमुसू नका. तिच्यातून काय काय निघू शकतं, ते आधी धुंडाळा.

आता आपल्या बँडकडे येऊ. १९४४ मध्ये मुंबईत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तिघेही कम्युनिस्ट चळवळीतले. अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, मातंग समाजात जन्मलेले. शाळा दीड दिवसाची, गाव सोडून वडिलांबरोबर मुंबईपर्यंतची वाट पायी तुडवलेली. अमर शेख तुमच्यापासून फार लांब नसलेल्या बार्शीचे. खरं नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म २० ऑक्टोबर १९१६, आई मुनेरबी ओव्या गाणारी. लेखणी, गळा आणि ठेका यांची अशी जोडणी एका मंचावर क्वचितच जमते.

अण्णा भाऊ नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशाच्या फडात तयार झाले होते, त्यामुळे तमाशाची चौकट त्यांच्या अंगात मुरलेली होती. गण, गवळण, बतावणी आणि मग वग. ही चौकट त्यांनी मोडली नाही, आतला ऐवज बदलला. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि तिच्यासाठी मेलेल्यांना वंदन आलं. कृष्णाने गवळणींची वाट अडवणं गेलं. सोंगाड्या राहिला, हजरजबाबी सवालजवाब राहिले, ढोलकीची थाप राहिली. पण आता सोंगाड्याच्या तडाख्यात सावकार, काळाबाजारवाला आणि गिरणीमालक सापडू लागले. पाळी सुटलेला कामगार चाळीच्या पटांगणात येऊन बसायचा तो तमाशाच्या ओढीने, आणि उठताना त्याच्या डोक्यात आपल्या पगाराचा हिशेब सुरू झालेला असायचा. स्टालिनग्राडच्या लढाईवरचा अण्णा भाऊंचा पोवाडा गिरणगावात गाजला, तो ज्यांनी रशिया नकाशावरही पाहिला नव्हता अशा माणसांमध्ये. घर वाचवायला उभी राहिलेली माणसं त्यांना ओळखीची वाटली. पोवाड्याची चाल तर त्यांच्या रक्तातच होती.

पोवाड्याची रचना कधी बारकाईने ऐका. शाहीर ओळ टाकतो, मागचे झीलकरी जी जी करत ती उचलतात, डफ पुढच्या ओळीला जागा करून देतो. दोन-चार वेळा झील ऐकली की समोरचा माणूसही ती धरतो. पहिल्या दहा मिनिटांत श्रोता गायक झालेला असतो. रेजच्या गाण्यांच्या शेवटी तीच एक ओळ वाढत्या आवाजात पुन्हा पुन्हा येते आणि हजारो माणसं ती ओरडू लागतात. तिथेही हेच घडतं. राजकीय गाण्याचं बळ या उचलून धरण्यात असतं. भाषण ऐकून माणूस मान डोलावतो. झील धरली की ते म्हणणं त्याच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडतं, आणि मग ते त्याचं होतं.

तुम्ही महोत्सव म्हणता, तसे त्या काळचे महोत्सव म्हणजे कामगारांच्या सभा आणि शेतकऱ्यांच्या परिषदा. ७ जानेवारी १९४५ ला ठाणे जिल्ह्यात टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची स्थापना परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिच्या मागे होते. उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडाबरोबर काही वारली तिथे आले, वेठबिगारीची कहाणी त्यांनी भरसभेत सांगितली, आणि त्यातूनच पुढे वारल्यांचा लढा पेटला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते सगळं आलं आहे. तालुक्याच्या वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा. दोन दिवस पायपीट करून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत पोचायचं तर पत्रकाचा उपयोग काय? अशा मेळाव्यांमध्ये शाहिराची गरज असते ती यासाठी.

तोंड बंद करण्याचा प्रयत्न इथेही झाला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर आणि कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आणली. अण्णा भाऊंनी आपल्या तमाशाला लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली आणि प्रयोग चालू ठेवले. आपल्याकडे ही गोष्ट नवी नव्हती. इंग्रजांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांना वेसण घालणारा कायदा केला होता, आणि खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांनी ओळखलं तेव्हा १९१० मध्ये त्याच्यावर बंदी आली होती. बंदी घालणाऱ्याला गाण्याची ताकद गाणाऱ्याइतकीच कळत असते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच मंडळींच्या छक्कडी, लावण्या आणि पोवाडे मैदानामैदानांत घुमले. अण्णा भाऊंची मैना गावाकडे राहिल्याची छक्कड आज तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनाही तोंडपाठ असेल. मुंबईत पोट भरायला गेलेल्याची ताटातूट आणि बेळगाव-कारवारची ताटातूट त्यांनी एकाच गाण्यात गुंफली. विरहाचं गाणं म्हणून ते कुणीही गुणगुणावं, आणि मग राज्याचा नकाशा डोळ्यांपुढे यावा.

ही वाट त्यांच्याही आधीची आहे. सत्यशोधक जलसे गावोगाव फिरत होते. १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे खेड्यापाड्यांत नेले. पाणवठा, शाळा, मेलेलं जनावर ओढायला दिलेला नकार हे त्यांचे विषय. पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मराठवाड्याच्या वाड्यावस्त्यांवर गात फिरले. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवरच्या मंचावरच कोसळले आणि गेले. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात दहा माणसं मेली, आणि त्या दुःखात विलास घोगरे या शाहिराने जीव दिला. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट तिथून सुरू होतो. संभाजी भगत, पुण्याचा कबीर कला मंच, गिटार-ड्रम घेऊन बुद्ध-आंबेडकरांवर रॉक गाणारा मुंबईचा धम्म विंग्ज, आरेच्या जंगलासाठी आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईरांना सोबत घेऊन रॅप करणारे स्वदेसी, ही सगळी त्याच वाटेवरची माणसं. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या शेतकरी पोरांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक राज्यभर गाजवलं. राजकुमार तांगडे यांनी ते लिहिलं, नंदू माधव यांनी बसवलं आणि संभाजी भगतांनी त्याला संगीत दिलं. एवढी मोठी परंपरा पाठीशी असताना तुम्हाला प्रेरणा शोधायला अमेरिकेपर्यंत जावं लागावं, हा दोष तुमचा नाही. आम्ही लिहिणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी ती तुमच्यापर्यंत पोचवायला हवी होती.

दोन्ही बँडमध्ये एक मोठा फरक मात्र आहे. रेजच्या तबकड्या सोनीच्या मालकीच्या एपिक या कंपनीने काढल्या. भांडवलदारीविरुद्ध गाणारे भांडवलदारांच्याच कंपनीतून कसे, असं त्यांना कायम विचारलं गेलं आणि त्यांचं उत्तर होतं की त्यामुळे गाणं जगभर पोचतं. लाल बावट्याच्या पाठीशी कंपनी नव्हती, कामगारांची संघटना आणि लोकांची वर्गणी होती. म्हणून ते जगभर पोचलं नाही, पण ते कुणी विकतही घेऊ शकलं नाही. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले ते हलाखीतच. मंचाचा खर्च कोण करतो, या प्रश्नातून कुठलंही राजकीय गाणं सुटत नाही. तुमचंही सुटणार नाही.

इथेच तुमचा तिसरा प्रश्न येतो. सणासुदीला राजकारण नको, असं मंडळी म्हणतात, त्यामागची काळजी मला समजते. गावात भांडण नको, पोरांवर केस नको, ही ती काळजी आहे आणि ती रास्त आहे. पण जयंतीच्या स्टेजमागचा बॅनर बघा. त्यावर महापुरुषाच्या फोटोखाली कुणाकुणाचे हात जोडलेले फोटो असतात? डीजेचे पैसे कुणी दिलेले असतात? राजकारण तिथे आधीच येऊन बसलेलं आहे. ते पुढाऱ्यांचंच असावं की गावातल्या कष्टकऱ्यांचंही असावं, एवढंच ठरवायचं आहे. म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे : म्हणा. जरूर म्हणा. फक्त पक्ष आणि प्रश्न यांतला फरक सांभाळा. कुणाला मत द्या हे सांगायला दुसरे पुष्कळ आहेत. तुम्ही प्रश्नावर गा.

आणि प्रश्न तर तुमच्या दारात आहेत. दसरा झाला की तुमच्या तालुक्यातली गावंच्या गावं ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून मोजलेला एक कोयता, टनावर फिटत जाणारी रक्कम, पाचटाच्या कोपीत राहणारी आणि शाळा अर्ध्यावर सुटलेली पोरं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. यावर गाणं लिहायचं तर आधी त्या बायकांपाशी बसा. लिहून झालं की पहिल्यांदा त्यांनाच ऐकवा. एखादी म्हणाली, असं नसतं रे बाळा, तर ती ओळ खोडा. अण्णा भाऊंच्या शब्दांवर कामगारांनी विश्वास ठेवला, कारण ते स्वतः त्यांच्यातच राहत होते.

दिवस निवडतानाही विचार करा. १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराच्या दिवशी ऊसतोड कामगार कारखान्यावर असतात, गाव निम्मं रिकामं असतं. १ ऑगस्टला, अण्णा भाऊंच्या जयंतीला, ती माणसं गावात असतात. तोच दिवस धरा. पहिल्या वेळी वीस मिनिटं मागा, जास्त नको. सुरुवात लोकांच्या ओळखीच्या चालीने करा, गिटार मागून येऊ द्या. हलगी पावसाळी हवेत सैल पडते; स्टेजच्या मागे शेकायला जाळ तयार ठेवा, नाहीतर ऐन वेळी कडकडाट मिळणार नाही. प्रत्येक गाण्याला सगळ्यांना धरता येईल अशी झील ठेवा. पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आयोजकांनी घेतली आहे का ते आधी विचारा. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातल्या ठरावीक १५ दिवसांपर्यंत सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, पण तो दिवस त्यात आहे असं गृहीत धरू नका. गाण्यावरून बोलणी खावी लागली तर हरकत नाही, पण भोंग्याच्या वेळेवरून कार्यक्रम बंद पडू देऊ नका.

पहिल्या कार्यक्रमात काही लोक उठून जातील. फिलाडेल्फियात शिव्या पडल्या, गिरणगावात बंदी आली. परक्या गर्दीसमोर उभं राहणाऱ्याला हे चुकलेलं नाही. जे बसून राहतील त्यांच्यातल्या चार जणांनी झील धरली तरी तुमचं काम सुरू झालं.

वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका, त्यांना तालमीला बोलवा. तुमच्या कॉलेजच्या पदवीवर बाबासाहेबांचं नाव आहे. त्यासाठी २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला, मराठवाड्यात दलितांची घरं जळाली, आणि नाव प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं. ती सोळा वर्षं तुमच्या गावातल्या साठी-सत्तरीच्या माणसांनी अंगावर झेलली आहेत, आणि त्या काळात मोर्चांमध्ये, सभांमध्ये, वस्त्यांवर गाणी होती. त्यांना विचारा, तेव्हा काय म्हणत होता? चाल आठवत असेल तर मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घ्या, शब्द अर्धे असतील तर तसेच वहीत उतरवा, आणि त्यांच्या परवानगीने त्यातलं एक गाणं तुमच्या वीस मिनिटांत पहिलं घ्या. मग स्टेजवर तुमच्या मागे झील धरायला तीच मंडळी उभी राहतील.